कोंब फुटलेल्या रताळ्याचं काय करायचं? ठाणे-नवी मुंबईच्या गच्ची-बाल्कनीसाठी रताळ्यांची लागवड

एकादशीसाठी आणलेल्या रताळ्यांतलं एखादं टोपलीच्या तळाशी राहून जातं आणि काही दिवसांनी त्याला जांभळट-हिरवे कोंब फुटलेले दिसतात. ते फेकू नका. कोंब आलेला, साल हिरवी पडलेला बटाटा टाळावा, कारण त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं. रताळ्याचा बटाट्याशी जवळचा संबंध नाही. ते गणेशवेलीच्या, कोकणातल्या किनाऱ्यांवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या आणि नाळीच्या भाजीच्या गोत्रातलं. नाल्याकाठी फोफावणारी बेशरम हीसुद्धा त्याची भावकीच. रताळं अजून घट्ट असेल तर कोंब खुडून उकडून खुशाल खा. नाहीतर त्याच एका रताळ्यातून आठ-दहा रोपं निघतात.

गोंधळ होतो तो मोबाइलवर माहिती शोधायला गेल्यावर. रताळ्यांचे बरेच गाजलेले व्हिडिओ थंड देशांतले असतात. तिथे कोंब आणायला रताळ्याखाली हीटिंग मॅट, वर पारदर्शक झाकण, वाफ्यावर काळं प्लास्टिक असा सगळा सरंजाम दिसतो. तिथे तो योग्यच आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडे आलेलं हे पीक पंधरा अंशांच्या खाली वाढायचं थांबतं आणि हिम पडलं की मरतं. त्यामुळे तिथला माळी उन्हाळाभर ऊब गोळा करत असतो. ठाण्यात ऊब फुकट आहे. इथे रताळं बिघडतं ते मुळाशी साचलेल्या पाण्याने, लाडाने घातलेल्या खताने आणि अपुऱ्या उन्हाने. हे तीन शत्रू लक्षात ठेवून पुढची प्रत्येक पायरी वाचा. इथे गच्चीवर काळं प्लास्टिक अंथरलंत तर एप्रिलमध्ये मुळं शिजतील.

हंगाम: गच्ची असेल तर दोन, बाल्कनी असेल तर एकच

कोकणात रताळी पारंपरिकरीत्या पावसाळ्यात लावतात, पण ती उताराच्या, पाणी निथळून जाणाऱ्या तांबड्या जमिनीत. ठाण्याच्या गच्चीवर जुलैमध्ये कोसळणारा पाऊस सपाट तळाच्या ग्रो बॅगेत, म्हणजे माती भरून रोपं लावायच्या पिशवीत पडतो, हा फरक मोठा आहे. म्हणून पहिल्यांदाच लावणाऱ्यांनी जूनची घाई करू नये, दसरा-कोजागिरीच्या सुमारास लावावं, असं माझं मत आहे. पाऊस परतलेला असतो, माती अजून गरम असते, आणि महाशिवरात्रीच्या आसपास काढणी येते. उपासाला घरची रताळी, याहून चांगला मुहूर्त कोणता!

बाल्कनीवाल्यांसाठी हिवाळ्याच्या हंगामाला आणखी एक भक्कम कारण आहे. आपण एकोणीस अंश अक्षांशावर आहोत. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऊन आतल्या भिंतीपर्यंत येतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, आणि त्याच बाल्कनीवर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते. शिवाय दिवस लहान झाले की रताळ्याचा वेल पानांपेक्षा कंदाकडे जास्त वळतो. जूनमध्ये आपल्याकडे सव्वातेरा तासांचा दिवस असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. उत्तरेकडच्या बाल्कनीत मात्र कुठल्याही हंगामात रताळी धरू नका. तिथे वेल सुंदर दिसेल, पाला खाता येईल, पण खाली कंदांच्या जागी दोरे सापडतील. रोज निदान सहा तास थेट ऊन हवं.

गच्ची असेल आणि पावसाळी पीक घ्यायचं असेल, तर लावणी पाऊस सुरू होण्याच्या आगेमागे, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात करा. आषाढातल्या मुसळधारेपूर्वी रोपांनी मूळ धरलेलं असलं पाहिजे. हे पीक नवरात्र ते कार्तिकी एकादशीच्या दरम्यान हाती येतं.

कोंब आणायला यातून महिना-दीड महिना मागे जा. जूनच्या लावणीसाठी एप्रिलअखेर, दसऱ्याच्या लावणीसाठी गणपतीचे दिवस.

बेण्याचं रताळं निवडताना

घरात आपोआप कोंब आलेलं रताळं असेल तर प्रश्नच मिटला, ते उगवतं हे त्याने दाखवून दिलेलंच आहे. नसेल तर जांभळी नाक्याच्या बाजारातून किंवा वाशीतून मुठीत मावेल एवढी, घट्ट, सुरकुती न पडलेली दोन-तीन रताळी आणा. एकाच दुकानातली सगळी घेण्यापेक्षा दोन ठिकाणांहून घ्या, म्हणजे एका ढिगात दोष असला तरी दुसरी वाचतात. सालीवर बारीक गोल भोकं दिसली तर ते रताळं हातातही धरू नका. भोकं म्हणजे सोंड्या भुंगा, आणि तो एकदा घरी आला की पुढचे हंगाम त्याचे. सुपरमार्केटच्या थंड कपाटातलं रताळंही नको. दहा-बारा अंशांखाली काही दिवस राहिलेल्या रताळ्याला आतून इजा होते, त्याला कोंब येण्याऐवजी कूज लागते. याच कारणाने घरीही रताळी कधी फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत.

बाजारात बहुतेक लाल सालीची, आतून पांढरी रताळी मिळतात आणि घरासाठी ती उत्तम. नारिंगी किंवा जांभळ्या गराची हवी असतील तर तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने काढलेल्या ‘भू सोना’ आणि ‘भू कृष्णा’ या जातींची चौकशी करा. पहिलीत बीटा कॅरोटीन भरपूर, दुसरीत जांभूळ-काळ्या द्राक्षांना रंग देणारी अँथोसायनिन द्रव्यं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ ही आपल्या हवेतली जात. कुणी दापोलीकडे जाणारं असेल तर वेलाचे चार तुकडे आणायला सांगा.

कोंब आणणं

काचेच्या ग्लासात काड्या टोचून अर्धवट बुडवलेलं रताळं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मुलांना मुळं दाखवायला ते छान आहे, पण रोपं मिळवायची ही सगळ्यात संथ पद्धत. शिवाय कुठलं टोक वर आणि कुठलं खाली हे चुकलं की महिनाभर काहीच होत नाही. त्याहून मोठी भानगड डासांची. स्वच्छ साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं आवडतं बाळंतघर, आणि पालिकेची माणसं तपासणीला आली की असे ग्लास आणि कुंडीखालच्या ताटल्या आधी बघतात. करायचंच असेल तर दर दोन दिवसांनी पाणी बदला.

आपल्यासाठी चांगली पद्धत म्हणजे आडवं निजवणं. मिठाईचा किंवा केकचा प्लास्टिकचा खोलगट डबा घ्या, तळाला पाच-सहा भोकं पाडा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवून, एकदा स्वच्छ पाण्याने धुऊन, मुठीत दाबून पिळा. एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये, एवढाच ओलावा हवा. डब्यात तीन बोटं जाडीचा थर देऊन त्यावर रताळं आडवं ठेवा आणि अर्धं झाकलं जाईल इतकं कोकोपीट कडेने सरकवा. पाठ उघडी राहू द्या. पूर्ण पुरलेलं रताळं आपल्या दमट हवेत कुजण्याचीच शक्यता जास्त. कोकोपीट नसेल तर जाड वाळूही चालते.

डबा उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा. कोंब यायला २४ ते २९ अंश तापमान उत्तम, म्हणजे ठाण्यातली कुठलीही खोली, बाराही महिने. फक्त एसीच्या खोलीत नको. दोन-तीन दिवसांनी बोट लावून बघा, कोरडं वाटलं तरच शिंपडा. आठवडा-पंधरवड्यात जांभळे ठिपके उठतात, तीन-चार आठवड्यांत कोंब वीतभर होतात. रताळं हे फुगलेलं मूळ आहे, त्याला बटाट्यासारखे ठरलेले डोळे नसतात. वेलाकडच्या टोकाजवळ कोंब दाटीने येतात, बाकी अंगावर तुरळक. म्हणून बटाट्यासारखे डोळा धरून तुकडे करून लावू नका. कापलेल्या बाजूने बुरशी शिरते आणि हाती काही लागत नाही. वास यायला लागला किंवा बोटाने दाबल्यावर रताळं मऊ लागलं तर तेवढं टाकून द्या, बाकीची वाचतील.

अख्खं कोंबवालं रताळं सरळ मोठ्या कुंडीत पुरलं तर काय होतं? वेल जोरात येतो, पण पुष्कळदा जुनंच रताळं वेडंवाकडं, तंतुमय होत फुगतं आणि नवीन कंद थोडे लागतात. जागा थोडी असेल तर हा मार्ग महाग पडतो.

रोपं वेगळी करणं

कोंब सहा ते आठ इंचांचा झाला, त्यावर पाच-सहा पानं आली की तो तयार. एका हाताने रताळं धरा आणि कोंब बुडाशी पकडून हलकेच पिळून काढा. बऱ्याचदा तो बारीक मुळांसकट निघतो. मुळं नसली तरी बिघडत नाही. खालची दोन पानं काढून कोंब पाण्याच्या पेल्यात उभा करा, तीन-चार दिवसांत पांढरी मुळं दिसतात. अर्धा-एक इंच मुळं झाली की थांबायचं नाही, लावून टाकायचं. पेल्यात लांबलेली मुळं गोल गोल फिरतात, लावल्यावर तशीच राहतात आणि पुढे कंदही पीळ पडलेले निघतात. जुनं रताळं फेकू नका. ते पुन्हा झाकून ठेवलं की आठवड्याभराने दुसरी खेप देतं, कधी तिसरीही.

भुंग्याची भीती असेल तर कोंब बुडातून पिळून काढण्यापेक्षा कोकोपीटच्या इंचभर वर कात्रीने कापा. कंदात काही दडलेलं असलं तरी ते रोपाबरोबर येत नाही. मला ही पद्धत जास्त पटते. आपल्या उबेत कापलेल्या कोंबाला मुळं फुटायला वेळ लागतच नाही.

बॅग, माती आणि सोसायटी

१५ बाय १५ इंचाची ग्रो बॅग ही कामाची छोट्यात छोटी. तिच्यात साधारण ४० लिटर माती बसते आणि दोन रोपं नीट वाढतात. १८ इंचीत तीन. बारा इंची कुंडीत एकच लावा आणि अपेक्षा बेताची ठेवा. ओली झालेली पंधरा इंची बॅग चाळीस किलोच्याही वर जाते, त्यामुळे खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये ती ठेवायची नाही. ग्रिल कपड्यांच्या वाळवणासाठी बसवलेली असते, मातीच्या पोत्यांसाठी नव्हे. खाली माणसं चालतात.

गच्चीसाठी आधी सोसायटीची परवानगी घ्या, आणि तीही तोंडी नको. बॅगा विटांवर किंवा स्टँडवर चार बोटं उंच ठेवल्या, पाणी सरळ उताराकडे गेलं आणि गच्चीच्या जाळीत माती अडकली नाही, तर सेक्रेटरींना बोलायला जागा उरत नाही. उंचावर ठेवण्याचा दुसरा फायदा रताळ्याला. भोकं जमिनीला टेकून बंद होत नाहीत आणि पाणी निथळतं. प्रत्येक बॅगेला तळाशी आणि तळाच्या वर कडेने मिळून आठ-दहा भोकं हवीतच. बॅगेखाली ताटली ठेवू नका.

इमारतीच्या आवारात जमीन मिळाली तर आधी एक फूट खणून बघा. नवी मुंबईच्या अनेक सेक्टरांत आणि ठाण्याच्या नव्या संकुलांत वर बोटभर माती आणि खाली मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे असा भराव निघतो. त्यात कंद वाकडे होतात. अशा जागी वर फूटभर उंचीचा वरंबा करून त्यातच लावा, दोन वरंब्यांत दोन फूट अंतर ठेवा.

मातीसाठी घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांत मिळते ती लाल माती चांगली. ती किंचित आम्लधर्मी असते आणि रताळ्याला साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच) मानवतो. नुसती मात्र वापरू नका, चार पाण्यांत ती विटेसारखी घट्ट बसते. हिवाळी लावणीला दोन घमेली लाल माती, एक घमेलं कोकोपीट, एक घमेलं जाड वाळू किंवा भाताचा तूस आणि अर्धं घमेलं जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असं मिसळा. पावसाळ्यासाठी कोकोपीट अर्धं करा, कारण ते पाणी धरून बसतं, आणि तेवढी वाळू वाढवा. बॅगेमागे मूठभर निंबोळी पेंड टाका. कच्चं शेण, कोंबडीखत, युरिया यातलं काहीही नको.

लावणी

संध्याकाळी लावा. माती आदल्या दिवशी भिजवून ठेवा. रोप सरळ खुंटीसारखं न रोवता तिरकं किंवा जवळजवळ आडवं निजवा, तीन-चार पेरं मातीत आणि शेंड्याची पानं वर राहतील असं. कंद धरणारी मुळं या पुरलेल्या पेरांतून फुटतात. सरळ रोवलेल्या रोपाला थोडेच कंद येतात, आडव्याला साधारण सारख्या आकाराचे जास्त. दोन रोपांत फूटभर अंतर. माती बोटांनी दाबून पाणी द्या आणि पुढचे तीन-चार दिवस दुपारची सावली करा, जुनी ओढणी चालते. पहिले दोन दिवस रोपं मान टाकतात. घाबरून पाणी ओतत बसू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंडा उभा राहतो.

पहिले चाळीस दिवस

रताळ्याचं सगळं भवितव्य इथे ठरतं. लावणीनंतरच्या पहिल्या चार ते सहा आठवड्यांत कुठली मुळं फुगून कंद व्हायची आणि कुठली दोरीसारखी बारीक राहायची याचा निर्णय होतो. या काळात माती चिखल झाली तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती फुगतच नाहीत. पार कोरडी पडली तर ती कठीण, काष्ठमय होतात. नंतर कितीही खतपाणी केलं तरी गेलेली संख्या परत येत नाही. वर मात्र वेल हिरवागार असतो, म्हणून काही बिघडलंय हे काढणीपर्यंत कळत नाही.

म्हणून पाणी घड्याळ बघून देऊ नका. तर्जनी दोन पेरं मातीत घाला. टोकाला गारवा लागला तर आज पाणी नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात बॅगेला रोज लागेल, डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवसांनी. पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो. सलग चार दिवस झोडपणारा पाऊस असेल तर बॅगेच्या तोंडावर, रोपाच्या बुडाभोवती प्लास्टिकची चकती कापून छत्रीसारखी तिरकी बसवा. पानं भिजू देत, मातीत पाणी कमी जाऊ दे. पाणी तुंबलेलं दिसलं तर बॅग तिरकी करून निथळवा आणि कडेची भोकं सळईने मोकळी करा.

खत, भर आणि वेलाचा पसारा

साधारण पाचव्या आठवड्यात वरची माती हलक्या हाताने मोकळी करून दोन मुठी गांडूळखत आणि चमचाभर लाकडाची राख मिसळा, वर दोन इंच मातीची भर द्या. राखेतून पोटॅश मिळतं, आणि कंद भरायला तेच लागतं. पण राख मातीची आम्लता कमी करते, तेव्हा मूठभर टाकण्याचा मोह नको. यानंतर नत्राचं (नायट्रोजनचं) काहीही घालायचं नाही. शेजारच्या टोमॅटोला दर आठवड्याला जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत) मिळतं म्हणून रताळ्यालाही घातलं, की पानं तळहाताएवढी होतात आणि खाली शुकशुकाट. पानं फिकी दिसली तरी निम्म्या वाटेनंतर हात आखडताच ठेवा.

वेल दोन-तीन मीटर सहज जातो. गच्चीच्या लादीवर पसरू द्या किंवा कठड्याला दोरीने वर बांधा, दोन्ही चालतं. जमिनीवर लावलं असेल तर पावसाळ्यात वेलाच्या पेरांना मुळं सुटून तिथेही बारीक कंद धरू पाहतात. पंधरवड्याने एकदा वेल हळूच उचलून परत ठेवला की पुरे. तो उलथापालथा करून पानांची दशा करू नका. गच्चीवरच्या लादीत मुळं धरतच नाहीत, त्यामुळे हे कामही वाचतं.

पाला खाता येतो, आणि तो आपल्याकडे फारच कमी खाल्ला जातो. दीड महिन्यानंतर कोवळे शेंडे खुडा, लसूण-मिरचीच्या फोडणीवर माठासारखी परता किंवा मूगडाळीत घाला. एका वेळी चौथ्या हिश्शाहून जास्त मात्र खुडू नका, कंदांचं अन्न तिथेच तयार होतं. नोव्हेंबर-डिसेंबरात कधी फिकी जांभळी, कर्ण्याच्या आकाराची फुलं येतात. ती काढायची गरज नाही.

कीड, घुशी आणि माकडं

पिठ्या ढेकूण आणि मावा दिसले तर पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवा, मग निंबोळी तेलात थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. पानांना अळीने भोकं पाडली तर वेल ते सहन करतो, शोधून हाताने काढा.

खरा वैरी सोंड्या भुंगा. मुंगीसारखा दिसणारा, निळसर-काळा, छातीशी तांबूस. तो मातीच्या भेगांतून कंदापर्यंत पोचतो आणि त्याच्या अळ्या आत बोगदे करतात. असं रताळं कडू होतं. कडू भाग कापून उरलेलं खाण्याच्या भानगडीत पडू नका, आणि गाईलाही घालू नका. कीड लागलेली, बुरशी चढलेली रताळी जनावरांना बाधतात. यावर फवारणीचा उपयोग फारसा नाही, कारण अळी कंदाच्या आत असते. बॅगेत भेग दिसली की मातीने बुजवा, कंद वर डोकावला तर लगेच झाका, तयार रताळी मातीत पडून ठेवू नका आणि काढणीनंतर त्या मातीत लगेच पुन्हा रताळं लावू नका. मेथी, पालक, वाल काहीही लावा.

तळमजल्यावर आणि आवारात घुशी कंद फस्त करतात. बॅगेखाली आणि भोवती बारीक लोखंडी जाळी एवढाच उपाय टिकतो. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या डोंगराजवळ राहत असाल तर माकडांचा विचार लावणीपूर्वीच करा. ती वेल उपटून बघतात. वरून जाळी बांधलेली बाल्कनी तिथे गच्चीपेक्षा बरी.

काढणी

जातीप्रमाणे ९० ते १२० दिवस. थंडीत वाढ मंदावते, म्हणून दसऱ्याच्या पिकाला पूर्ण चार महिने द्या. बुडाकडची पानं पिवळी पडू लागली की कडेने माती बोटांनी उकरून एक कंद काढा आणि आडवा कापा. चिरेवरचा चीक थोड्या वेळात तसाच सुकला तर पीक तयार. तो काळपट-हिरवा पडला तर पंधरा दिवस थांबा. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी कमी करत जा. या शेवटच्या काळात भरपूर पाणी मिळालं तर कंद तडकतात आणि टिकत नाहीत.

वेल बुडापासून वीतभर ठेवून कापा, बॅग आडवी करा आणि माती सैल होऊ द्या. वेल धरून ओढू नका. ताज्या रताळ्याची साल इतकी नाजूक असते की नखानेही निघते, आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे कुजण्याचं दार. पंधरा इंची बॅगेत किलोभर आलं तर चांगलं पीक, दीड किलो आलं तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवण्यासारखं.

धुऊ नका, आणि लगेच खाऊ नका

ताजं रताळं फिकं लागतं. काढल्यावर त्याला ऊबदार, दमट हवेत आठवडाभर मुरू द्यावं लागतं. २९ ते ३२ अंश आणि भरपूर आर्द्रता मिळाली की ओरखड्यांवर नवी साल धरते आणि आतल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. थंड देशांत यासाठी वेगळी खोली तापवतात. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये स्वयंपाकघरच तसं असतं. माती नुसती झटका, कंद एकमेकांना न लागता वर्तमानपत्रावर सावलीत पसरा. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत खोक्यात ठेवून वर जरा ओलसर गोणपाट टाका. मग टोपलीत, हवेशीर जागी. आपल्या हवेत महिना-दीड महिन्यात कोंब येतात, त्याआधी संपवा.

शिजवतानाही घाई केली तर गोडी हातची जाते. रताळं हळूहळू तापत असताना त्यातलं एन्झाइम स्टार्चपासून माल्टोज तयार करतं. मायक्रोवेव्हमध्ये त्याला वेळच मिळत नाही. मंद आचेवर जाड बुडाच्या कढईत झाकून भाजलेलं किंवा निखाऱ्यात पुरलेलं रताळं म्हणूनच गोड लागतं. काचऱ्यांना गूळ घालण्याआधी एक फोड चाखून बघा.

मुलं लीड्सला किंवा टोरोंटोला असतील तर

त्यांना वरचं बरंचसं उलटं करायचं आहे. कोंब मार्चमध्ये घरातच, हीटरजवळच्या उबेत. बाहेर लावणी शेवटचं हिम होऊन गेल्यावर, मेअखेर किंवा जूनमध्ये, माती १५ अंशांच्या वर स्थिर झाल्यावर. वाफा आधी दोन-तीन आठवडे काळ्या प्लास्टिकने झाकून तापवायचा आणि त्यालाच चिरा पाडून रोपं लावायची. काचघर किंवा पॉलिटनेल (प्लास्टिकने झाकलेला बोगदा) असेल तर फारच उत्तम. ऊन थोडं आणि हंगाम छोटा म्हणून जात लवकर तयार होणारी हवी. ‘ब्यूरेगार्ड’ आणि ‘जॉर्जिया जेट’ या तिकडच्या आवडत्या जाती, आणि त्यांची रोपं वसंतात पोस्टाने मिळतात. भारतीय दुकानातल्या रताळ्याचे कोंब लावले तर वेल फोफावेल, पण कंद भरायच्या आत थंडी येऊन ठेपेल. पहिल्या हिमाच्या आधी काढणी, आणि वेल हिमाने काळा पडलाच तर त्याच दिवशी. आणि सुटकेसमध्ये बेण्याचं रताळं घालून पाठवू नका. कंद-रोपांवर विमानतळांवर कडक निर्बंध असतात.

पुढच्या हंगामाचं बेणं

आपल्याला दर वेळी रताळं कोंबवत बसायची गरज नाही. काढणीच्या दिवशी निरोगी वेलांचे शेंड्याकडचे फूटभराचे तुकडे कापा, खालची पानं काढा. लगेच लावायचे नसतील तर एका छोट्या कुंडीत दाटीने रोवून सावलीच्या बाल्कनीत जगवा, एवढ्यासाठी उत्तरेची बाल्कनी चालते. बुडाकडचा जाड वेल बेण्यासाठी घेऊ नका, सोंड्या भुंगा तिथेच राहतो. महाशिवरात्रीला काढलेल्या पिकाचे असे तुकडे मेपर्यंत दर तीन आठवड्यांनी छाटत राहा, म्हणजे जूनला हवी तेवढी ताजी शेंडकलमं तयार असतात. दोन-तीन हंगामांनी वेल बारीक पानांचा, मुरडलेला दिसू लागला तर तो विषाणूचा परिणाम असतो. मग तो सगळा काढून टाका आणि बाजारातून नवीन रताळं आणून पुन्हा कोकोपीटात निजवा.